रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते, मग आपल्याच शरीरावर हल्ला का करत नाही? आणि ती वाढवायला काय घ्यावं?

करते. आमच्या आईवर केला. तुमचा 'वाढवायला काय घ्यावं' हा भाग वाचून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

२०१८ मध्ये आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचं निदान झालं. सकाळी तासभर बोटं मिटायची नाहीत, चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायची. आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली आणि चारेक महिन्यांत आई पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळव्याच्या मामांचा रोज फोन: "ताई, ती गोळी प्रतिकारशक्ती मारते, बंद कर, गुळवेलीचा काढा घे." तिने आम्हाला न सांगता गोळी सोडली. दिवाळीत निऱ्या मी घालून दिल्या, मनगटं इतकी सुजली होती. गोळी परत सुरू केली, पण उजव्या हाताची दोन बोटं वाकली ती वाकलीच.

आता तुमचा प्रश्न. छातीच्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. तिथे नव्या टी पेशींना, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, शरीराच्याच प्रथिनांचे तुकडे दाखवले जातात. त्यांना जी घट्ट चिकटते, ती बहुतेक वेळा तिथेच संपवली जाते. तरी काही निसटतात. त्यांना आवरणाऱ्या वेगळ्या टी पेशी असतात, त्या जपानी शास्त्रज्ञ साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवल्या. त्या पेशी ज्यावर चालतात ते फॉक्सपी३ जनुक ब्रंको आणि रॅम्सडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी शोधलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे जनुक बिघडलेल्या बाळांचं आतडं, स्वादुपिंड त्यांच्याच पेशी पोखरतात. त्या बाळांना 'प्रतिकारशक्ती वाढवा' सांगणार का कुणी?

मामा, तुम्ही हे वाचालच. आईच्या शरीरात लढणारे कमी नव्हते, आवरणारे कमी पडत होते. तेव्हा मोठ्यांसमोर मी गप्प बसले, आता बसणार नाही. २०२१ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेबद्दल लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, हेही सांगते.

मेथोट्रेक्सेटही साधी गोळी नाही. यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या वेळच्या वेळी कराव्या लागतात, ताप आला तर डॉक्टरांना लगेच फोन करावा लागतो. आईची तपासणी परवाच झाली, रिपोर्ट चांगला आलाय.