वाचक विचारतात: राजकन्या नुसती वाटच बघते का?

प्रश्न: सहावीच्या वर्गाला सिंड्रेला, हिमगौरी या कथा देऊन ‘नायिका स्वतः काही करते का’ हे शोधायला लावायचं आहे. मुली लगेच म्हणतात, ‘ती नुसती रडते.’ ३५ मिनिटांच्या तासात हे कसं घ्यावं?
– एक शिक्षिका, परळ

उत्तर: आधी कुठली सिंड्रेला ते ठरवा. मुलांच्या डोक्यात असते ती १९५० च्या डिस्नेपटातली, म्हणजे मुळात फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथेतली. तिथे परीच भोपळ्याची बग्गी करते, काचेचे बूट देते. मुलीला करण्यासारखं फारसं उरत नाही. लोककथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या कथेत परी नाहीच. मुलगी प्रवासाला निघालेल्या वडिलांकडे झाडाची डहाळी मागते, ती आईच्या थडग्यावर लावते आणि पुढे पोशाख त्याच झाडाकडे मागते. तिन्ही रात्री राजपुत्राच्या हातून निसटते तीही आपणहून. वर्गात एकच पाठ वापरा, नाहीतर अर्धी मुलं एका सिंड्रेलाबद्दल बोलतात, अर्धी दुसरीबद्दल.

वहीत तीन रकाने आखायला सांगा: ‘ती काय करते’, ‘तिच्या बाबतीत काय घडतं’, ‘तिच्या करण्याने पुढे काय बदलतं’. अख्खी कथा तासात मावत नाही. दोन पानं पुरेत. पाच मिनिटं वाचन, पंधरा मिनिटं जोडीने रकाने भरणं, उरलेला वेळ तिसऱ्या रकान्याला.

घोटाळा होतो तो व्याकरणामुळे. ‘तिने सफरचंद खाल्लं’ हा कर्मणी प्रयोग, म्हणून काही मुलं ते वाक्य दुसऱ्या रकान्यात टाकतात. पण खाणारी हिमगौरीच ना! उलट ‘ती जागी झाली’ हा कर्तरी प्रयोग, आणि त्यात तिचं काहीच नाही. ग्रिमच्या कथेत शवपेटी वाहणारे सेवक अडखळतात आणि त्या धक्क्याने घशातला तुकडा बाहेर पडतो. (चुंबन तिथे नाहीच.) तेव्हा प्रयोग बाजूला ठेवा आणि ‘हे घडवलं कुणी?’ एवढंच विचारा.

मनोऱ्यात कोंडलेल्या रापुंझेलवर मात्र वेळ काढाच. खाली उतरायला शिडी विणायची युक्ती तिची; राजपुत्राने दर खेपेला रेशमाची एक लड आणायची. शिडी पुरी होण्याआधीच चेटकिणीला सुगावा लागतो. मग तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं? इथे मुलांना मनसोक्त भांडू द्या, उत्तर तुम्ही देऊ नका.

वटपौर्णिमेच्या आठवड्यात तास असेल तर सावित्री घ्या. बाजारातून आणलेल्या वडाच्या फांदीला दोरा गुंडाळताना दिसते ती फक्त पतिव्रता. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री रथात बसून स्वतः वर शोधायला निघते. सत्यवानाला एकच वर्ष आहे असं नारद सांगतात, तरी मागे फिरत नाही. यमाकडून ती सासऱ्यांची दृष्टी आणि राज्य मिळवते, वडिलांसाठी शंभर पुत्र मागते, मग स्वतःसाठीही. तो वर मिळताच म्हणते, नवऱ्याशिवाय हा खरा कसा व्हायचा? पहिला रकाना पानभर होतो.

प्रश्न: नात चार वर्षांची आहे. सूनबाई म्हणतात, राजकन्येच्या गोष्टी नकोत. मग सांगू काय?
– एक आजोबा, मुलुंड

उत्तर: सूनबाईंची काळजी रास्त आहे. पण राजपुत्राची तलवार राजकन्येच्या हाती दिली, एवढ्याने गोष्ट बदलत नाही. झोपलेल्या राजकन्येच्या ग्रिम-कथेत तर राजपुत्रालाही काही करावं लागत नाही; शंभर वर्षं संपलेली असतात, काटेरी कुंपण आपोआप वाट देतं.

तुम्ही ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ सांगा. म्हातारीकडे तलवार नाही, ताकदही नाही. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होते, मग खा, असं म्हणत ती वाघाला परतवते. वाघ समोर आला की तिथेच थांबा आणि विचारा, ‘आता म्हातारी काय करेल गं?’ नातीचं उत्तर येईपर्यंत भोपळा पुढे नेऊ नका. ती भलतंच काही म्हणाली, तर त्या दिवशी तिच्याच वाटेने न्या.