आधी हक्क, मग खिडकी

मुलांच्या जादूच्या कादंबरीवरून सिनेमा करायचा तर पटकथेला हात घालण्याआधी हक्क तपास. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कादंबरी हक्कांतून मुक्त होते, पण मराठी अनुवादाचा हक्क वेगळा असतो. त्यातले संवाद उचलू नकोस.

मग प्रत्येक प्रकरणापुढे एकच ओळ लिही: गोष्टीतल्या मुलाला इथे काय हवं आहे? उत्तर नसेल ते प्रकरण गाळ, कितीही लाडकं असो. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. पटकथा १०० पानांपुढे गेली की लहान मुलं चुळबुळतात.

खरी कसोटी जादूच्या जगात शिरण्याची जागा. पुस्तकात निवेदक ती समजावतो. पडद्यावर ते संवादात कोंबलं की प्रसंग मेलाच. गोव्यातल्या जुन्या घराची, काचेऐवजी शिंपले बसवलेली खिडकी घे. उजेड दुधाळ येतो, पलीकडचं दिसत नाही. दोनदा ती नुसती दाखव. तिसऱ्यांदा मूल एक निखळलेला शिंपला बाजूला करतं आणि आत भलताच रंग सांडतो. शब्द नको.

बालकलाकाराचं काम दिवसाला ५ तास, सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पावसातल्या घराचं चित्रीकरण पावसातच संपव. जांभ्या दगडावरचं शेवाळ सुकलं की डिसेंबरचे शॉट जुळत नाहीत.