अंबाजोगाईहून प्री-मेडला चाललास, तर व्हॉलंटियरिंगचं आधी ऐक

तू विचारायलास की बारावी झाली, ऑगस्टात अमेरिकेत बायोलॉजीला चाललोय, पुढं डॉक्टर व्हायचंय (मेडिकलच्या आधीच्या ह्या शिक्षणालाच तिकडं प्री-मेड म्हणतात), तोवर मामाच्या दवाखान्यात बसतो अन् मामा इंजेक्शन बी देऊ देतोय, तर त्याचं सर्टिफिकेट तिकडं चालंल का आणि तिकडं गेल्यावर व्हॉलंटियरिंग कुठं करायचं. मी मूळची उदगीरची, इथं ओहायोत एका हॉस्पिटलच्या व्हॉलंटियर ऑफिसात काम करते, तुझ्याएवढी पोरं रोजच समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे इंजेक्शन बंद. मामा कितीबी भारी डॉक्टर असू दे. इथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना आहे एएएमसी, तिनंच सांगून ठेवलंय की ट्रेनिंग अन् लायसन नसताना दुसऱ्या देशात पेशंटला हात लावून असली कामं करू नका. तू ते मोठ्या हौसेनं मेडिकलच्या अर्जात लिहिशील आणि वाचणारा म्हणंल, ह्या पोराला आपली पायरी कळत नाही. त्यापेक्षा मामाच्या शेजारी नुसतं बसून बघ, त्याला इथं शॅडोइंग म्हणतात, ते चालतं. नाहीतर आशाताईंना विचारून त्यांच्यासोबत गावात फीर. ऊसतोडीहून लोक आलेले असतात, लेकरांचे राहिलेले डोस, गरोदर बायांची तपासणी, कोण आलं कोण नाही, हे सगळं त्यांच्या वहीत असतंय. जमलं तर अणदूरला जाऊन ये, डॉ. शशिकांत अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावातल्याच बायांना शिकवून 'भारतवैद्य' म्हणजे गावच्या आरोग्यसेविका केलं, ते काम डोळ्यानं बघ.

आता इथलं. हॉस्पिटलात व्हॉलंटियर म्हणजे लई काही ग्लॅमर नाही बाबा. पेशंटला पाणी नेऊन द्यायचं, गरम ब्लँकेट द्यायचं, सुट्टी झालेल्याला व्हीलचेअरवर खाली गाडीपर्यंत सोडायचं. पण त्यात बी शिकायला आहे. पाण्याचा जग घेऊन सरळ आत घुसायचं नाही, दारावर 'एनपीओ'ची पाटी असली तर पेशंटला तोंडानं काहीच द्यायचं नसतंय, बऱ्याचदा ऑपरेशन असतं त्याचं, म्हणून आधी नर्सला विचारायचं. व्हीलचेअर थांबवली की आधी ब्रेक, मग पाय ठेवायच्या पट्ट्या वर, मगच माणसाला उठू द्यायचं. आणि पेशंटचा फोटो अजिबात नाही. आपल्याकडं साहेबांच्या वाढदिवसाला वॉर्डात फळवाटप करून एका केळ्यामागं दहा जण फोटोत उभे राहतात ना, ते इथं केलंस तर त्याच दिवशी घरी. १९९६ चा हिपा कायदा आहे, पेशंटची माहिती बाहेर सांगायची नाही, रूममेटला सुद्धा नाही.

येताना लसीकरणाचे सगळे कागद आण, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या, सगळे. आणि टीबीची टेस्ट मागतात तेव्हा कातडीवरची नको, रक्ताची करा म्हणून सांग, कारण आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते आणि त्यानं कातडीवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्सरे काढा, हे आणा, ते आणा, आपली पोरं इथंच अडकून बसतात.

हॉस्पिटलातच केलं पाहिजे असं बी काही नाही. फूड बँक, म्हाताऱ्यांना घरपोच डबे, हॉस्पिस. हॉस्पिस म्हणजे जिथं बरं होण्याची आशा सोडलेले पेशंट असतात, तिथं कुणीतरी नुसतं शेजारी बसायला लागतंय. मेडिकेअर म्हणजे इथल्या सरकारची म्हाताऱ्यांसाठीची आरोग्य विमा योजना, तिचा नियमच आहे की पेशंटसेवेच्या तासांच्या किमान ५ टक्के काम व्हॉलंटियरनं करायचं, त्यामुळं त्यांना माणसं कायम लागतात. माझं ऐकशील तर एक-दोन जागा धर आणि ग्रॅज्युएशन होईस्तोवर सोडू नको. अर्जात १५ कामं लिहायला जागा असते म्हणून पंधरा ठिकाणी तोंड दाखवणारी पोरं ओळखू येतात, प्रत्येक कामाला तास अन् साक्षीदाराचा नंबर लिहावा लागतो.

एफ-वन म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर एक जपायचं. ज्या कामाला इतरांना पगार मिळतो ते तू फुकट केलंस तरी ते नोकरीत धरलं जाऊ शकतं. मेडिकल स्क्राइबचं, म्हणजे डॉक्टरसाठी पेशंटच्या नोंदी लिहायचं काम सगळे सुचवतील, पण ती नोकरी आहे, परवानगीशिवाय नाही. शंका आली की कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधी ईमेल टाकायचा, तोंडी नाही.

आता कडू बोलते, हे वडिलांना बी वाचून दाखव. इथली बरीच मेडिकल कॉलेजं ग्रीन कार्ड नसलेल्याचा अर्जच घेत नाहीत, आणि घेतात त्यातली काही चार वर्षांची फी आधीच एस्क्रो खात्यात, म्हणजे फीसाठीच राखून ठेवलेल्या खात्यात, टाका म्हणतात. शेत विकायचा विषय घरात चालला असंल तर तो तिथंच थांबवा. आधी बॅचलर्सच्या कॉलेजला विचारा, तुमच्याकडून एफ-वनवाले किती जण मेडिकलला लागले, आणि त्याचं उत्तर लेखी आल्यावरच डिपॉझिट भरा.