मत देऊन थकलेल्या माणसांबद्दल लिहिताना

प्रिय,

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मतदारांवरच्या तुझ्या लेखाचा मसुदा मिळाला. भाषा छान उतरली आहे आणि जॉर्जिया राज्यातल्या अटलांटातली माणसंही दिसतात. पण तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य तू काढून टाकावंस असं मला मनापासून वाटतं: ‘पिढ्यान्‌पिढ्या डोळे झाकून डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या कृष्णवर्णीयांचे डोळे २०२४ मध्ये उघडले.’ वाचायला हे वाक्य झोकदार आहे, पण ते खरं नाही. ते डोळे कधी झाकलेलेच नव्हते. कितीतरी मराठी वाचकांना हा विषय पहिल्यांदा तुझ्याकडूनच कळणार आहे, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र लिहिते आहे.

आधी निकालाचं बघू. एक्झिट पोलप्रमाणे डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस यांना कृष्णवर्णीयांची सुमारे ८५ टक्के मतं मिळाली. स्त्रियांमध्ये हे प्रमाण नव्वदच्या वर होतं, पुरुषांमध्ये पंचाहत्तरच्या थोडं पुढे. तरी निकालानंतर चर्चा रंगली ती कृष्णवर्णीय पुरुषांनी दगा दिला का, याचीच. मतदानाआधी ऑक्टोबरमध्ये बराक ओबामांनी पिट्सबर्गला जाऊन या पुरुषांचे कान उपटले, तेही अनेकांना झोंबलं. गोऱ्या पुरुषांपैकी साठेक टक्क्यांनी आणि गोऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी ट्रम्प यांना मत दिलं. मग ज्या गटातल्या चारांपैकी तिघांनी हॅरिस यांना मत दिलं, त्यालाच जाब का विचारायचा? तुझ्या मसुद्यातही हा जाब नकळत शिरला आहे. काही मतं सरकली, विशेषतः तरुण पुरुषांची, हे जरूर लिही. महागाई, घरभाडं, आणि ‘आमच्याकडे फक्त मतं मागायला येता’ हा राग, ही कारणंही लिही. फक्त सगळ्या पराभवाचं ओझं त्यांच्या खांद्यावर ठेवू नकोस.

आता या निष्ठेबद्दल. एके काळी हा समाज जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या पक्षाचा होता. गुलामगिरी संपवली ती लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने. १८७० मध्ये पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला आणि त्याच वर्षी हायरम रेव्हल्स मिसिसिपीतून सिनेटमध्ये पोहोचले. पुढे १८७७ मध्ये, अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीचा सौदा मिटवताना, याच पक्षाने दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या पाठीशी उभं असलेलं सैन्य मागे घेतलं. नंतर मतदान-कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि झुंडींनी केलेल्या हत्या यांनी तो हक्क हिरावला गेला. तरी अनेक दशकं जिथे मत देता येत होतं तिथे ते लिंकनच्याच पक्षाला जात राहिलं, कारण समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षावर पकड होती ती गुलाममालकांच्या वारसांची.

सप्टेंबर १९३२ मध्ये क्लीव्हलंडच्या एका सभेत ‘पिट्सबर्ग कूरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी लोकांना सांगितलं, घरी जा आणि लिंकनची तसबीर भिंतीकडे वळवून ठेवा, ते ऋण पुरतं फिटलं आहे. त्या वर्षी फार जणांनी ते ऐकलं नाही. १९३६ मध्ये मात्र बहुसंख्य कृष्णवर्णीय मतं डेमोक्रॅट रूझवेल्ट यांना गेली. तीही आंधळेपणाने नव्हे. मंदीत सरकारी कामं मिळत होती, मदत पोहोचत होती. पण १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारे वगळले गेले होते, आणि दक्षिणेतले कृष्णवर्णीय मुख्यतः हीच कामं करत. म्हणजे नव्या पक्षाकडून काय मिळतंय आणि काय नाकारलं जातंय, दोन्ही पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

व्हॅन यांचं ते भाषण झालं त्याच सप्टेंबर १९३२ मध्ये, २४ तारखेला, पुणे करार झाला. तुझ्या लेखात मराठी संदर्भ आणायचाच असेल तर हा आण. राखीव जागेवर आपला माणूस बसेल, पण त्याला निवडून देणारे बहुसंख्य मतदार दुसरेच असतील, तर तो बोलणार कोणासाठी? बाबासाहेबांचा हा प्रश्न आपल्याकडे अजून संपलेला नाही. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या, हेही वाचकाला सांग. आणि हे ड्युबॉइस कोण? १९१२ मध्ये जुन्या पक्षाला कंटाळून डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांना पाठिंबा देणारे, नंतर त्याच विल्सन यांच्या सरकारने केंद्रीय कचेऱ्यांत वर्णभेद आणलेला पाहणारे, आणि १९५६ मध्ये आपण मतच देणार नाही असं जाहीरपणे लिहिणारे. ज्याला तू ‘२०२४ नंतरचा भ्रमनिरास’ म्हणतेस, तो किती जुना आहे बघ. पण तुलना इथेच थांबव. अमेरिकेत राखीव जागा नाहीत आणि मोठे पक्ष दोनच आहेत. त्यामुळे तिथला पेच वेगळा आहे.

तो पेच मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो ऑगस्ट १९६४ मध्ये, अटलांटिक सिटीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात. मिसिसिपीचं अधिकृत शिष्टमंडळ फक्त गोऱ्यांचं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी ‘मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी’ उभी केली आणि खरे प्रतिनिधी आम्ही, असा दावा घेऊन ते अधिवेशनाच्या दारात उभे राहिले. फॅनी लू हॅमर या कापसाच्या मळ्यावर राबलेल्या बाईंनी समितीपुढे साक्ष दिली: मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल मळ्यावरून हाकललं गेलं, तुरुंगात अंग काळंनिळं होईपर्यंत मारलं गेलं. साक्ष टीव्हीवर चालू असताना अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकारांना बोलावलं, कॅमेरे आपल्याकडे वळावेत म्हणून. रात्री वाहिन्यांनी ती साक्ष पुन्हा दाखवली. पक्षाने मग तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या, आणि त्यांवर कोण बसणार हेही पक्षानेच ठरवलं. फ्रीडम पार्टीने त्या नाकारल्या.

पुढचा भाग तू वगळलास तर सगळी गोष्टच बदलेल. याच लोकांनी त्या शरद ऋतूत जॉन्सन यांच्यासाठी प्रचार केला. मिसिसिपीत बहुतेकांना मत देताच येत नव्हतं, पण देशभरातल्या कृष्णवर्णीयांची नव्वद टक्क्यांहून जास्त मतं जॉन्सन यांना गेली. कारण समोर रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर होते आणि त्यांनी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं होतं. पुढच्याच वर्षी, अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताधिकार मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना झालेल्या मारहाणीनंतर, मतदान हक्क कायदा आला. ज्या माणसांना ऑगस्टमध्ये अपमान सोसावा लागला, त्यांनीच नोव्हेंबरमध्ये विचार करून त्या पक्षाची बाजू घेतली. याला आंधळी निष्ठा म्हणता येत नाही आणि लाचारीही म्हणता येत नाही. जे हाती आहे त्यातून जास्तीत जास्त काढून घेणं आणि तरीही अपमान न विसरणं, असं मी याला म्हणेन. त्या पक्षाला मत देणाऱ्या माणसाच्या मनातली कटुता तुला समजली, की तुझ्या लेखाचं निम्मं काम झालं.

मग ते पक्ष का सोडत नाहीत, हे तू विचारलं आहेस. मिसिसिपीत सुमारे ३८ टक्के लोक कृष्णवर्णीय आहेत, इतकं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाही. तरी १९७६ नंतर अध्यक्षपदासाठी त्या राज्याच्या वाट्याला येणारी सगळी निर्वाचक मतं दर वेळी रिपब्लिकनांना गेली आहेत, कारण तिथे जिंकणारा सगळं घेतो. तिसरा पक्ष काढला तर मतं वाया जातात. एक पक्ष तुम्हाला गृहीत धरतो आणि दुसरा बहुतेक वेळा तुमच्याकडे मत मागायलाच येत नाही. अशा वेळी एकगठ्ठा राहण्यातच थोडी ताकद उरते. हे एकेकट्याने घेतलेले निर्णयही नव्हेत. चर्च, कृष्णवर्णीयांची विद्यापीठं, स्त्रियांच्या संघटना, न्हाव्याची दुकानं यांतून ते घडतात. स्वतःला मध्यममार्गी किंवा पारंपरिक विचारांचे म्हणवणारे कितीतरी कृष्णवर्णीयही म्हणूनच डेमोक्रॅटांना मत देतात. या एकजुटीची किंमतही आहे, कारण वेगळं बोलणाऱ्याला घरातच फितूर ठरवलं जातं. तुझ्या मसुद्यातल्या त्या तरुण ट्रक-ड्रायव्हरला ती किंमत मोजावी लागते आहे. त्याचं म्हणणं संक्षेपात उरकू नकोस. त्याला आणखी जागा दे.

प्रतिनिधित्वाबद्दल तू लिहिलेला भाग अजून कच्चा आहे. ‘आपल्यासारखा चेहरा’ आणि ‘आपलं काम करणारा’ यांतला फरक या मतदारांना कोणी शिकवायची गरज नाही. १९९१ मध्ये नागरी हक्कांसाठी लढलेले थरगुड मार्शल यांच्या जागी सर्वोच्च न्यायालयात पुराणमतवादी क्लॅरेन्स थॉमस आले. दोघेही कृष्णवर्णीय. २०१३ मध्ये मतदान हक्क कायद्याचा कणा मोडणारा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला, आणि त्या पाचांत थॉमस होते. तुझ्याच जॉर्जियात २०२२ मध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅट राफाएल वॉरनॉक आणि रिपब्लिकन हर्शेल वॉकर, दोन्ही उमेदवार कृष्णवर्णीय. कृष्णवर्णीय मतं प्रचंड प्रमाणात वॉरनॉक यांना गेली.

आणि तरीही चेहऱ्याला मोल नाही असं लिहू नकोस, मला ते पटणार नाही. जुलै २०२४ मध्ये बायडन यांनी माघार घेतली आणि हॅरिस पुढे आल्या, त्या रात्री हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया एका झूम बैठकीत जमल्या. नोव्हेंबरमध्ये निकालाच्या रात्री, हॅरिस जिथे शिकल्या त्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाच्या आवारात मुली उशिरापर्यंत आशेने उभ्या होत्या. ती आशा खरी होती. २०२२ मध्ये केतांजी ब्राउन जॅक्सन सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री न्यायमूर्ती झाल्या तेव्हाचा अभिमानही खरा होता. पण त्याच वर्षी मतदान हक्काचं नवं विधेयक सिनेटमध्ये अडलं, आणि पोलिसाच्या हातून मारले गेलेले जॉर्ज फ्लॉइड यांच्या नावाचं पोलिस सुधारणेचं विधेयक तर २०२१ मध्येच अडलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये इतिहासात पहिल्यांदा दोन कृष्णवर्णीय स्त्रिया एकाच वेळी सिनेटमध्ये बसल्या, अँजेला ऑलसोब्रुक्स आणि लिसा ब्लंट रॉचेस्टर. त्याच महिन्यात ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले. आनंद आणि उद्वेग एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलावर असतात. त्यातलं एक निवडून लेखाला सरळ रेघ देण्याचा मोह तू टाळायला हवास.

तुझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या ना, ‘आम्ही आमचं काम केलं, आता आम्ही विश्रांती घेणार’? निकालानंतर असं म्हणणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया खूप होत्या. मोर्च्यांना या वेळी आम्ही नाही, लोकशाही वाचवायचं काम दर वेळी आमच्याच गळ्यात का, असा त्यांचा सवाल होता. त्याला उदासीनता म्हणू नकोस. त्यांना विचार, विश्रांती म्हणजे नेमकं काय सोडलं आणि काय चालू ठेवलं? मतदान केंद्रावर स्वयंसेवक म्हणून जाणं, चर्चमधल्या म्हाताऱ्यांना गाडीतून मतदानाला नेणं, हेही सोडलं का? उत्तर काहीही येवो, ते जसंच्या तसं लिही. त्यांना तुझ्या लेखाची देवी करू नकोस, कंटाळण्याचा हक्क त्यांनाही आहे.

एक काम मात्र लेख छापायला देण्याआधी कर. नोव्हेंबर २०२५ मध्ये जॉर्जियाच्या लोकसेवा आयोगाची निवडणूक झाली. हा आपल्याकडच्यासारखा नोकरभरतीचा आयोग नव्हे, विजेचे दर ठरवणारं हे मंडळ. निवडणुकीला असलेल्या दोन्ही जागा डेमोक्रॅटांनी मोठ्या फरकाने जिंकल्या. एका जागेवर अलिशिया जॉन्सन ही कृष्णवर्णीय स्त्री आली. दुसरीवर पीटर हबर्ड या गोऱ्या उमेदवाराने कृष्णवर्णीय रिपब्लिकन फिट्झ जॉन्सन यांना हरवलं. मुद्दा होता वाढत्या वीजबिलांचा. आयोगाच्या सुनावण्या अटलांटातच होतात आणि सामान्य माणसाला तिथे बोलता येतं. एका सुनावणीला जा, मागच्या बाकावर बस, कोण बोलायला येतं ते पाहा. मग त्या ट्रक-ड्रायव्हरला आणि त्या शिक्षिकेला एकच प्रश्न विचार: तुमच्या बिलात काही बदललं का, आणि नसेल तर पुढच्या वेळी कोणाकडे जाणार? दोघांची उत्तरं मिळाली की मसुदा पुन्हा पाठव. मी वाट पाहते.

सस्नेह आशीर्वाद,
तुझ्या मॅडम