विन्सनला पहिल्यांदाच निघालात, तर

अंटार्क्टिकातलं हे सर्वोच्च शिखर ४,८९२ मीटरच आहे, म्हणून हलक्यात घेऊ नका. ध्रुवाजवळ हवेचा दाब कमी, त्यामुळे उंची आकड्यापेक्षा जास्त जाणवते. पण खरी गाठ थंडीशी. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही खरा, मात्र डोंगराआड गेला की पारा धाडकन उतरतो. तंबूच्या आतल्या कापडावर श्वासाचं हिम साचतं आणि जरा धक्का लागला की थेट मानेवर पडतं! जाड हातमोजे घालूनच क्रॅम्पॉनचे, म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून बुटांखाली बांधायच्या धातूच्या काट्यांचे, पट्टे आवळायची सवय आधीच करा. उघड्या बोटांनी धातूला हात लावायचा नाही, अजिबात. चिलीतल्या पुंता अरेनास शहराहून अंटार्क्टिकाला जाणारं विमान हवामान बघूनच सुटतं, तेव्हा परतीची तारीख मोकळी ठेवा. आणि हो, स्वतःची विष्ठासुद्धा पिशवीत भरून खाली आणावी लागते.