लूनर मॉड्यूलची केबिन कागदात करताना

कागदी कॉकपिटचं पहिलंच मॉडेल करताय आणि त्यासाठी अपोलोचं लूनर मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, निवडलंत, छान. आत खुर्च्याच नव्हत्या, दोघंही अंतराळवीर उभ्यानेच यान चंद्रावर उतरवत. म्हणजे तेवढं काम वाचलं! मॉडेल 1:12 पेक्षा, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या हिश्शापेक्षा, लहान मात्र करू नका, स्विच दिसेनासे होतात.

भिंती आधी गोंद न लावता जुळवून बघा. दोन्ही त्रिकोणी खिडक्यांच्या तिरकसपणात जरा फरक पडला की मधली पॅनेल बसत नाहीत. काचेऐवजी ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, चालते.

खरा जीव डायल आणि स्विचच्या पॅनेलमध्ये आहे. एकच प्रिंट डकवून मोकळे होऊ नका. पॅनेलचं तेच पान तीनदा छापा. एक पाया. दुसऱ्यातल्या डायल कोरून काढा आणि ते पायावर चिकटवा, डायल आपोआप खोल दिसतील. तिसऱ्यातून डिस्कीची, म्हणजे दोघांच्या मधल्या संगणकाच्या कीबोर्डची, 19 बटणं एकेक कापून वर बसवा. कंटाळवाणं आहे, पण नजर तिथेच जाते. स्विचना तांब्याची बारीक तार.

कापलेल्या पांढऱ्या कडा चिकटवण्याआधीच करड्या रंगवा. फेव्हिकॉल टूथपिकने, थेंबभरच. इंकजेटची प्रिंट असेल तर कापण्याआधी मॅट वार्निशचा हलका फवारा मारा, नाहीतर ओल्या बोटाने अक्षरं फिसकटतात.