पेन्शन ११७० रुपये, वाढणार कधी?

प्रश्न: बाबा साखर कारखान्यातून रिटायर झालेत, ईपीएस-९५ (पीएफ असलेल्या कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना) ची पेन्शन येते महिन्याला ११७० रुपये, बीपीच्या गोळ्यांतच संपते. गावात सगळेच म्हणतात वाढायला पाहिजे, मग अडतंय कुठं?

उत्तर: ताई, पाठिंबा आहेच हो, पण गणितच तोकडं आहे. मालकाच्या पीएफच्या वाट्यातून पगाराच्या ८.३३ टक्के या पेन्शन फंडात जातात, तेही १५,००० पगारापर्यंतच, म्हणजे महिन्याला फार तर १२५० रुपये, वर सरकारचे १.१६ टक्के, आणि महागाई भत्ता तर जोडलेलाच नाही. किमान पेन्शन १००० चा आकडा २०१४ चा! पेन्शनर किमान ७५०० मागतायत, आंदोलनं करून थकले बिचारे. सरकारने स्वतःचा वाटा वाढवल्याशिवाय हे हलणार नाही असं मला तरी वाटतं. तोवर बाबांचा हयातीचा दाखला दरवर्षी आठवणीने भरा, नाहीतर आहे तेही थांबतं.